नाव धम्मदीपचं, मजकूर माझा

२२ एप्रिल १९९८, बुधवार

आज ऑफिसात रशीदाने इंटरनेट दाखवलं. ही बाई नमाजाची वेळ झाली की बॉसचं पत्र अर्ध्यात टाकून उठते, बुरख्यासारख्या अबायाशिवाय लिफ्टपर्यंतही जात नाही. आणि कॉम्प्युटरवर बघते काय? धर्म पाळणाऱ्या बायकांची ई-मेलची यादी! एकीने लिहिलं की सगळ्यांना पोचतं. मलेशियातली शिक्षिका आहे, केरळची नन आहे. सगळ्या आपापल्या धर्मातल्या पुरुषांना एकच विचारतात — हे पुस्तकात कुठे लिहिलंय?

मला वाटायचं, मोकळं व्हायचं तर आधी धर्म सोडावा लागतो. रशीदा हसली. "क्यों छोडूँ? मेरा भी तो है."

२४ एप्रिल

घरून यादीवर पहिलं पत्र लिहिलं. इथे आखातात, जुफैरच्या आमच्या मंडळात बुद्धपौर्णिमेला वंदना दरवर्षी किसनभाऊच घेतात. आम्ही बायका खीर ढवळतो. पंचशीलातलं चौथं शील किसनभाऊ हमखास विसरतात — नेमकं खोटं न बोलण्याचं! मला सगळं तोंडपाठ. मग यंदा मी का नाही?

२६ एप्रिल

हाकललं मला! "प्रिय महोदय, पाठिंब्याबद्दल आभार, पण ही यादी फक्त स्त्रियांची आहे." महोदय कोण? माझा नवरा! व्हिसा धम्मदीपचा, म्हणून फोन त्याच्या नावावर, म्हणून ई-मेलही. बायकांच्या हक्कांवर दोन पानं मी खरडली आणि वर नाव त्याचं.

रशीदा पोट धरून हसली. ती भावाच्या, हारूनच्या नावाने लिहिते. तिलाही आधी असंच हाकललं होतं. तिने रदबदली केली तेव्हा मला परत घेतलं.

३ मे

नऊ उत्तरं! नन लिहिते, घाबरू नकोस, फक्त उभी राहा.

धम्मदीपला सांगितलं. "किसनभाऊ सीनियर आहेत. लोक काय म्हणतील?" हा माणूस चौदा एप्रिलला समतेवर अर्धा तास बोलला होता. घरी आल्यावर पहिलं वाक्य — चहा टाक.

व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई तर त्याच्याही वर. "समोर उभी राहून काय करतं बाई? खीर लागन तिकडे." आणि तटकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. एवढं चिडायला काय झालं, कळलं नाही.

६ मे

किसनभाऊंना फोन केला. "संघप्रियाताई, परंपरा आहे." कुठे लिहिलीय? "बघून सांगतो."

११ मे

आज पौर्णिमा. कार्यक्रम शुक्रवारी, सुट्टीला. किसनभाऊ अजून बघतायत. रशीदा म्हणते, "नहीं मिला ना? खलास! खडी हो जाओ."

१५ मे, शुक्रवार

हॉल भरलेला. ठरवलं होतं, किसनभाऊंनी हात जोडले की सरळ पुढे जायचं. त्यांनी जोडले. आणि मी? पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. भित्री कुठली! स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिसरं शील झालं. आणि एकदम पाचवं! तेवढ्यात माझ्या मागून, पातेल्यापाशी —

"चौथं राह्यलं!"

सासूबाई! पदर खोचलेला तसाच. मला बाजूला सारून पुढे गेल्या आणि पहिल्या शीलापासून खणखणीत म्हणायला लागल्या. एक अक्षर चुकलं नाही. लोक त्यांच्यामागून म्हणत होते, धम्मदीपही, किसनभाऊही.

खीर करपली. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

१६ मे

सासूबाई आज आपणहून बोलल्या. "दीक्षेच्या सालात वस्तीत वाचता कोनालेच येत नव्हतं. मले ऐकून पाठ झालं. दोन वर्सं मीच म्हणत होती. मंग माणसं शिकले. मले म्हणे, तू खीर पाह्य."

आणि मी समजत होते, हे सगळं मी कॉम्प्युटरमधून आणलं! रडू आलं मला. त्यांचं बोलणं जसंच्या तसं टाइप केलं, यादीसाठी. त्या शेजारी बसून होत्या.

"हे वर कोनाचं नाव हाय?"

धम्मदीपचं, म्हटलं.

"पोट्टं तं तवा जन्मलंही नव्हतं. काढ ते."