सहावीच्या वर्गाचा वायू आणि माझी चीजवस्तू

मी, अंबिका जयसिंग निकम, माहेरची अंबिका नारायणराव भागवत, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार सदर बाजारामागे, झाँसी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर यज्ञेश्वर यांनी आज सकाळी तपासून तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला पुण्याहून आलेल्या मुलीला, प्रेमलाला, मी भाजी आणायला धाडले आहे.

राहते घर प्रेमलाला मिळावे. अट एकच. स्वयंपाकघराच्या छताला पडलेला खड्डा बुजवू नये. पाण्याची वाफ झाली की तिला जास्त जागा लागते, हे मी जावयांना समजावून देत असताना कुकरचे झाकण तिथे जाऊन आदळले. जावयांना ते अजून समजलेले नाही. खड्ड्याखाली उभे राहून विचार करावा.

बँकेतली ठेव माझ्या शाळेला द्यावी. तिच्या व्याजातून दर एप्रिलमध्ये सहावीच्या वर्गात बर्फाची लादी आणून टेबलावर ठेवावी आणि मुलांसमोर वितळू द्यावी. मुलांनी हात लावून पाहावे, चाटू नये. चाटतीलच.

आमचे हेडमास्तर रामकृष्णजी मला नेहमी म्हणत, "बहनजी, बर्फ का चित्र किताब में है, फिर पानी फ़र्श पर क्यों?" ते आता नाहीत. त्यांचे चिरंजीव त्याच खुर्चीत बसतात. त्यांना माझा फरशी पुसायचा पोछा द्यावा.

माझ्या पतींचा गणवेशातला फोटो आणि पाणी उकळायचा काचेचा चंबू हे दोन्ही माझी विद्यार्थिनी शारदा हिला द्यावेत. ती आता समथरला विज्ञान शिकवते. तिलाच का, हे सांगायला तो दिवस सांगावा लागेल.

मी वर्गात मुलांनाच कण करत असे. "ठोस!" म्हटले की सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. "द्रव!" म्हटले की एकमेकांना न सोडता वर्गभर सरकायचे. "गैस!" म्हटले की मिळेल तेवढी जागा व्यापायची. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले त्या दिवशी मी "गैस!" म्हणाले, आणि नेमके तेव्हाच रामकृष्णजींनी साहेबांना आत आणायला दार उघडले.

मुले पळाली असे कोणी म्हणू नये. त्यांनी नियम पाळला. आधी व्हरांडा भरला, मग मैदान, मग फाटकातून सगळा वर्ग शेजारच्या लष्करी छावणीत पसरला. इन्स्पेक्टरसाहेब दारामागे चेपले गेले. रामकृष्णजी मला म्हणाले, "कल से मत आइएगा, बहनजी." वडील नुकतेच वारले होते आणि घर माझ्या पगारावर चालले होते.

तेवढ्यात रस्त्यावरून "लेफ्ट, राइट" ऐकू आले. एक उंच हवालदार अख्खा वर्ग रांगेत घेऊन येत होता. वर्गाच्या दारावरच्या पाटीवर माझे भागवत आडनाव वाचून तो मराठीत म्हणाला, "बाई, ही तुमची पोरं का? ब्रिगेडियरसाहेबांच्या पेरूच्या झाडावर होती."

मुले खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पुढच्या रांगेतली शारदा इन्स्पेक्टरसाहेबांना म्हणाली, "सर, फौजी भैया ने हमें ठोस कर दिया."

"और पहले क्या थीं?"

"गैस. दरवाज़ा हेडमास्टरजी ने खोला था."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. माझी नोकरी राहिली. हवालदार मात्र दारातून हलेना. "मलापण शिकवा की, बाई. मी सहावी नापास आहे." त्याच हिवाळ्यात आमचे लग्न झाले. त्यांना द्रव आणि वायू छान जमले. ठोस होताना ते हसायचे आणि सगळे बिघडवायचे.

माझ्या शोकसभेत कोणी "बाई अनंतात विरघळल्या" असे म्हणू नये. साखर विरघळते, बर्फ वितळतो, माणूस मरतो. इतकी वर्षे मी शिकवले काय!

आता थोरले बंधू गोविंदराव. देशावरचा फौजी, आपल्यातला नव्हे, म्हणून दादा माझ्या लग्नाला आला नाही. त्यानंतर याच गावात राहून त्याने माझा उंबरा ओलांडला नाही. राखी मात्र पोस्टाने घेतो. आईचे पितळी घंगाळ माझ्याकडे आहे आणि ते त्याला हवे आहे, असे तो गावभर सांगतो. ते त्याला मिळणार नाही. ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकील म्हणतात, आणि साक्षीदार मी त्यालाच केले आहे. सही करायला तरी घरात यावे लागेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, चष्मा लावून वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

अंबिका जयसिंग निकम
झाँसी, ११ फेब्रुवारी २००१

साक्षीदार पहिले: डॉ. यज्ञेश्वर. बाई शुद्धीवर आहेत. सहीआधी त्यांनी मला पदार्थाच्या तीन अवस्था विचारल्या.

साक्षीदार दुसरे: गोविंदराव नारायणराव भागवत. सही केली. अंबू घंगाळ देत नाही म्हणते. उद्या पुन्हा भांडायला येतो, जेवूनच जाईन.