शेवटचा बदल

सोमवार, ३ मार्च
आलो एकदाचे! टेम्पोतून उतरताच बाबांनी जाहीर केलं की जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत आणि त्यांतली एकही दुसरीसारखी नाही. दोन खोल्या, अरुंद गॅलरी, स्वयंपाकघरात एकच खिडकी, पण ऊन भरपूर. समोरच्या गॅलरीतल्या वहिनींनी ओळखदेख नसताना दोन खुर्च्या पाठवल्या. त्या माझ्याच नव्या ऑफिसात मीटर रीडर आहेत, घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचतात. बाबा म्हणाले, खुर्ची देणारा शेजार मिळाला, आता बसून खायला हरकत नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांना असे विनोद फार सुचतात.

मंगळवार, ४ मार्च
पाणीपुरवठा कार्यालय. माझी खोली पंपाच्या शेजारी, त्यामुळे टेबल दिवसभर हळूच थरथरतं. साहेब सज्जन आहेत, कामात चोख. टाइप मात्र एकाच बोटाने करतात आणि प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघतात.

काम असं: जुनी तीन मशीनं बंद करायची आहेत. त्याआधी कुठली फाइल शेवटची कधी बदलली याची यादी हवी. सोपं वाटलं होतं, पण ही तिन्ही मशीनं तीन जावांसारखी आहेत. एकीला चालतं ते दुसरीला खपत नाही. तारीख सांगणारी stat कमांड एकीकडे -c मागते, दुसरीकडे -f, तिसरीवर ती मुळात नाहीच. म्हणून कुठेही चालतील अशा ls, find आणि touch या तीनच कमांडवर भागवणारी एक स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.

गुरुवार, ६ मार्च
स्क्रिप्ट तिन्हीकडे चालली. मीच माझी पाठ थोपटली.

एक गंमत मात्र सापडली. सगळ्यात जुन्या मशीनवर कर्मचाऱ्यांच्या फायली आहेत. माणशी एक: नाव, पत्ता, काम. नोकरीला लागताना ती बनते, नंतर तिला कुणी हात लावत नाही. (साहेबांची तेवढी मुख्य कार्यालयात असते.) फायलींची यादी देणारी ls अलीकडच्या फाइलपुढे तारीख आणि वेळ दाखवते, जुनीपुढे तारीख आणि साल. सात नंबरपुढे होतं १५ मार्च, आणि वेळेच्या जागी चालू साल. असं कसं? तर ls पुढच्या तारखेलाही वेळेऐवजी सालच दाखवते. खात्रीसाठी touch ने या क्षणाची एक रिकामी फाइल बनवली आणि find ला विचारलं, हिच्यापेक्षा नवीन कोण? उत्तर खरं तर शून्य यायला हवं. आलं एक. सात.

मशीनचं घड्याळ बरोबर आहे. साहेब म्हणाले, म्हातारं मशीन आहे, चालायचंच. सात नंबर म्हणजे टोपीकाका, इथले सगळ्यात जुने मीटर रीडर. त्यांना सांगितलं तर खूष झाले. म्हणाले, चला, पंधरा तारखेपर्यंत तरी मला कुणी काढत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी ती तारीख दुरुस्त केली. touch ला वेळ दिली नाही की ती आत्ताची वेळ लावते. ११:४० लागली. यादी कशी स्वच्छ दिसली.

दुपारी वहिनी रडत आल्या. टोपीकाका एका इमारतीच्या आवारात मीटरचं झाकण उघडता उघडता बसले ते उठलेच नाहीत. तिथल्या लोकांनी लगेच ऑफिसला फोन केला. फोनच्या वहीत नोंद आहे: ११:४२.

योगायोग. काय करणार.

सोमवार, १० मार्च
साहेबांना काकांच्या जागी ताबडतोब कुणीतरी हवं होतं, आणि आमचे बाबा घरात बसून भिंती मोजत होते. उद्यापासून रुजू! त्यांची फाइल मीच बनवली. पत्ता लिहिताना त्यांनी मागून वाकून माझी एक वेलांटी सुधारली.

बुधवार, १२ मार्च
पंधरा नंबर. हा मीटर रीडर सतत शीळ घालतो, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणतात. त्याची फाइल पुढच्या तारखेला गेली आहे.

या वेळी हात लावला नाही. फक्त वेळ शोधली. मिनिटामिनिटाच्या रिकाम्या फायली बनवून find ला विचारत राहिले, हिच्याआधी की नंतर, असं करत चिमटीत पकडली. १४ मार्च, दुपारी ४:०५. शिट्टीला म्हटलं, शुक्रवारी घरीच थांब. का, ते सांगता येईना. आधी हसला. मग माझा चेहरा बघून हो म्हणाला.

शुक्रवार, १४ मार्च
तो घरीच होता. खुर्चीत बसून शीळ घालत होता. बायको म्हणते, आवाज मध्येच थांबला म्हणून मी बाहेर येऊन बघितलं.

४:०५.

आणि काकांची वेळ मी अलीकडे आणली. त्यांचे आठ दिवस मी —

सोमवार, १७ मार्च
बाबांची फाइल.

२० मार्च, सकाळी १०:१०. तीनदा तपासलं.

मंगळवार, १८ मार्च
अलीकडे आणता येते तर पलीकडेही नेता आली पाहिजे. touch ला तारीख दिली, बरोबर दहा वर्षं पुढची. लागली. घाईत साल दोनदा चुकलं. एकदा तर चुकून गेल्या वर्षाचं साल पडलं — एंटर दाबायच्या आत दिसलं म्हणून बरं.

गुरुवार, २० मार्च
बाबांना घरीच ठेवलं. दहा वाजल्यापासून त्यांचं मनगट धरून बसले. ते म्हणाले, "नाडी बघायला कधी शिकलीस गं?" १०:१०. १०:११. १०:१५. बाबा जिवंत आहेत. मी मोठ्याने रडले आणि ते घाबरून पाणी आणायला धावले.

शुक्रवार, २१ मार्च
दहा वर्षांची तारीख घसरून दहा दिवसांवर आली आहे. पुन्हा ढकलली. दुपारी आणखी चार फायली पुढच्या तारखांच्या, संध्याकाळी नऊ. वहिनींचीही. आता स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी सगळ्यांना पुढे ढकलते. जेवताना घड्याळ. झोपेत घड्याळ. बाबा विचारतात, मी ताट घेऊन पडद्यापाशी जाते.

सोमवार, २४ मार्च
साहेबांनी बघितलं. तपासणी आली आहे आणि सगळे कर्मचारी दहा वर्षांनंतरच्या तारखेचे. मी सगळं सांगितलं, अगदी काकांचंही. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, म्हणाले, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. स्क्रिप्ट बंद केली. माझे लिहिण्याचे अधिकार काढले, आता फक्त वाचता येतं.

निघताना म्हणाले, उद्या अकराला मी स्वतः एकेक फाइल उघडतो, शुद्धलेखन तपासून सेव्ह करतो, म्हणजे सगळ्यांना उद्याची खरी तारीख लागेल.

मी त्यांचे पाय धरले. खरंच धरले.

मंगळवार, २५ मार्च
सकाळी रखवालदाराने फाटकातूनच परत पाठवलं. बाबा माझ्याआधीच फेरीला निघून गेलेले. घरून मशीनला जोडून बसले आहे. साहेबांनी रिसीव्हर काढून ठेवला आहे. काम करताना ते नेहमी ठेवतात.

११:०२ एक. आजची तारीख.
११:०३ दोन.
तीन वहिनी. मी गॅलरीत धावले, हाक मारली. आज सुट्टीवर असलेल्या त्या दोरीवर चादर टाकत होत्या, माझ्याकडे बघून हसल्या, आणि चादरीसकट खाली —

माणसं धावतायत. मी परत पडद्यापाशी. मिनिटाला एक. ऑफिस पाऊण तासावर.

सात. काकांना आता काय.

बाबा फोन उचलत नाहीत. फोन पिशवीत, पिशवी खांद्यावर, कान मीटरकडे. पुन्हा लावते. लिहीत राहते, कुणाला तरी कळायला हवं —

चौदा. पंधरा. दूर कुठेतरी रुग्णवाहिका, आणखी एक.

एकोणीस. बाबा उचला. उचला ना.

बावीस. शेवटचे दोघं नवीन. तेवीस मी, चोवीस बाबा.

उचलला! "अगं, किती वेळा? खड्ड्यात डोकं होतं माझं. बोल." म्हटलं, फाटकावर जा, साहेबांना ओरडून — नाही, इतका वेळ कुठे. म्हटलं, बाबा, नुसते बोलत राहा. ते सांगतायत, इथे एका घरी मीटर उलटाच बसवलाय, आकडे डोक्यावर उभं राहून वाचावे लागले, आणि घरमालक म्ह