जवाईबुवांच्या पिशवीतला दगड

अमरावती,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि आकांक्षा मजेत असतील. वहिनीने पाठवलेल्या करंज्या पोचल्या, छान झाल्या होत्या. भाऊबीजेला पाय मुरगळला म्हणून आले नाही, असं कळवलं होतं. पाय धडधाकट आहे.

फोन केला असता तर तू मला हसवून मोकळा झाला असतास. म्हणून लिहिते आहे.

हे पुन्हा बूट पुसत बसलेत. डिसेंबरात तुझ्या ट्रेकिंगच्या ग्रुपबरोबर नरनाळा किल्ला चढायचा म्हणतात. डॉक्टरांनी जिनासुद्धा बेतानं चढा म्हणून बजावलंय. पण दुखतं का विचारलं, की "एकदम मस्त!" आंघोळ करून आले की खुर्ची धरून उभे राहतात, आणि मी दिसले की हसतात. ते हसू तू शिकवलंयस.

तुझा तो नियम! चढताना जो 'जमत नाही' म्हणेल, त्याच्या पिशवीत दगड. मन पॉझिटिव्ह राहावं म्हणून. फेब्रुवारीत अर्ध्या चढावर यांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, छातीत भरून येऊन राहिलं. मी वापस जातो." मी मागेच होते. तू सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलास, "आमचे जवाईबुवा थकले! टाका रे गोटा!"

सगळे हसले. सासरच्या माणसांसमोर कुठला जावई माघारी फिरतो? पिशवीत दगड घेऊन हे वर गेले. तिथे तू फोटो काढलास, आणि उतरल्यावर आम्ही यांना थेट दवाखान्यात नेलं.

तो फोटो तू अजून ग्रुपवर टाकतोस. 'मन खंबीर तर डोंगर लहान.' डोंगर लहान नव्हता रे. यांचं हृदय आता निम्मंच काम करतं. मला तुझा राग येतो, यांचाही येतो. घरात बोलायची सोय नाही. काही म्हटलं की मीच निगेटिव्ह.

मी नको म्हटलं की यांचं एकच, "दादा काय म्हनतीन?" म्हणून तूच सांग. त्याच ग्रुपवर, सगळ्यांदेखत लिही, की जवाईबुवा, तेव्हा तुम्ही बरोबर होते, मी चुकलो, आता येऊ नका. त्यात गंमत नको.

हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. नसेल जमत तर राहू दे, ने यांना. पण मग खांदा द्यायला येऊ नकोस.

अजून तरी तुझीच बहीण,
ललिता