गजर मनगटावर

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

महिना झाला, तुझा ना फोन, ना पत्र. रुसली असशील तर नंतर समजूत काढीन, आधी हे वाच.

बाबांना ऐकू येत नाही, ताई. दाराची घंटा नाही, कुकरची शिट्टी नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघतात आणि ‘छान, छान’ म्हणून मोकळे होतात. डॉक्टरांचं नाव काढलं की चपला घालून फिरायला निघतात.

रविवारी त्यांची घड्याळांचा शौक असलेली मंडळी आपल्याकडे जमणार आहेत. त्यांच्यातल्या वकीलसाहेबांनी एक भारी प्रवासी मनगटी घड्याळ आणलंय, चावीचं. दोन गावांच्या वेळा दाखवतं आणि वर गजरही आहे. सोमवारपर्यंत दुकानदार परत घ्यायला तयार आहे, म्हणून ठेवायचं की नाही ते बाबांनी ऐकून सांगायचं! कानाला लावून घड्याळाचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून तर त्यांना तिथे मान आहे. तोच गेला तर ते पार खचतील.

मी समोर बसणार आहे. गजर नीट वाजला तर डावं कानातलं चाचपेन, खरखरला तर उजवं. बाबांना हे कागदावर लिहून दाखवलं, तर त्यांनी तो चुरगळून खिशात टाकला. हो की नाही, काही कळेना.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या फोनवर मी बाबांना सगळं सांगितलं होतं. इथे सासरी आता राहवत नाही, रोजचा अपमान सोसत नाही, पोरीला घेऊन तिकडे येऊ का, असं विचारलं होतं. ते म्हणाले, छान, छान, मजेत राहा. मला वाटलं, आम्ही मायलेकी त्यांना नकोशा झालो. मग कुठल्या तोंडाने फोन करणार?

यातलं त्यांना अवाक्षर सांगू नकोस. आधी रविवार पार पडू दे. आणि कानातली घट्ट बसव, वेंधळे, ऐन वेळी चहात पाडशील.

तुझ्यावर नेहमीसारखीच माया करणारी,
ताई

१४ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

धाकटीने रविवारची बातमी कळवली नसेल, कारण ती माझ्यावर चिडली आहे. मीच कळवतो.

घड्याळ देखणं होतं, यात वाद नाही. बँकवाल्यांनी ते तीनदा पुसलं. दातांच्या डॉक्टरांनी गजर लावला आणि डोळे मिटून मान डोलावली. सगळ्यांचे चेहरे एकदम खुलले, तेव्हा वाजतंय हे मला समजलं. तुझी बहीण तर डास चावल्यासारखी डावा कान चोळत होती. वाहवा म्हटलं असतं तर सुटलो असतो. वकीलसाहेब तेवढ्यासाठीच माझ्याकडे टक लावून बसले होते.

पण माझ्या शब्दावर ते घड्याळ ठेवून घेणार, हे मनाला पटेना. मी ते मनगटावर बांधलं आणि गजर पुन्हा लावला. आतली हातोडी ठोके देता देता मध्येच अडखळत होती. मी तसं सांगितलं. डॉक्टर हसले, आवाज खणखणीत आहे म्हणाले. वकीलसाहेबांचा चेहरा आंबट झाला. मग मात्र मी सांगून टाकलं की मला वर्षभर धड ऐकू येत नाही, तेव्हा घड्याळ बांधा, कानात बोटं घाला आणि मग बोला.

एकेकाने बांधलं. एवढे थोर लोक कानात बोटं घालून बसले होते! वकीलसाहेबांच्या मनगटाला अडखळ जाणवली तसे ते घड्याळ डबीत ठेवू लागले. घड्याळ परत गेलं. जाताना डॉक्टर माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं ओरडून बोलले. ते मला फार लागलं.

त्या रात्री वर्षभरातल्या माझ्या ‘छान, छान’ची लाज वाटली. तुझ्या शेवटच्या फोनवर तू बराच वेळ बोलत होतीस, एवढं कळलं होतं. त्यानंतर तुझा फोन आला नाही. धाकटीला विचारलं, तर ती रडते आणि काही सांगत नाही.

तू काय विचारलं होतंस, पोरी? ते छान नसेल तर माझा शब्द मी मागे घेतो.

लोभ आहे तो राहू दे. डोळे शाबूत आहेत, बारीक अक्षरात लिहिलंस तरी चालेल, पण सगळं लिही.

तुझा,
बाबा