खिचडीवरचं तूप

५ फेब्रुवारी १९५५, शनिवार

— आणि सासूबाई उठल्याच! पडद्यावरचा मास्तर अजून बाटलीशी झटतोय, सगळं थिएटर हुंदके देतंय, आणि या अंधारात चपला शोधतायत. "चल उत्तरा, गाडी चुकेल."

चौथ्यांदा तोच सिनेमा. चौथ्यांदा शेवट न बघता घाटकोपरहून मुलुंडला परत. रुमाल दोन भिजले.

स्टेशनवर विचारलं, शेवट न बघता रडता कशाला? म्हणाल्या, "रडायला शेवट कशाला लागतो गं?"

एम. ए.ला हे कोणी शिकवलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

शेवट त्यांनी स्वतःच रचलाय! शेजारच्या पद्मजाला सांगत होत्या — "दारू सुटते गं त्याची. थोरला भाऊ येऊन घरी नेतो. आई मुगाची खिचडी करते."

खिचडीवर तूपसुद्धा होतं.

८ फेब्रुवारी

ह्यांचा रुमाल हरवला. महिन्यात दुसरा. बोलणी मला.

रात्री जेवताना म्हणाले, "कसले रडके सिनेमे बघता! रडायला घर पुरत नाही का?"

सासूबाई म्हणाल्या, "घरात तुझी बंदी आहे ना."

मग तिघांपैकी कोणी मागचा भात घेतला नाही.

जयवंतभावजींचं नाव या घरात दोन वर्षं निघालेलं नाही. मामंजींच्या श्राद्धाला ते पिऊन आले. ह्यांनी धाकट्या भावाला भटजींच्या देखत घराबाहेर काढलं. दारूबंदीच्या राज्यात याला मिळते कुठून, हाही राग होताच! "त्याचं नाव नको." सासूबाईंनी मान डोलावली. मीही.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकते. दिवाळीत मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर भावजींचं कार्ड आलं. अंधेरीला एका स्टुडिओत पडदे रंगवतात. 'पिणं कमी आहे. बंद नाही. वहिनी, आईला कळवू नका, ती तशीच उठून येईल.'

पत्ता याच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलाय. कार्ड जाळलं. कळवलं नाही. आज्ञाधारक मी! भित्री, असं वाचावं.

११ फेब्रुवारी

सासूबाई पाचव्यांदा जायचं म्हणतात.

१३ फेब्रुवारी, रविवार

पद्मजा काल तो सिनेमा बघून आली. पूर्ण. आज सकाळी दारातूनच —

"काय हो काकू, खिचडी कुठंय? मी वाट बघत बसले!"

"तुला डुलकी लागली असेल."

"अहो, मी ढसाढसा रडत होते. डुलकी कसली! तो तर —"

"सुटते त्याची," सासूबाई म्हणाल्या. "घरी येतो."

हे वर्तमानपत्र वाचत होते. पानाआडूनच म्हणाले, "मरतो तो, आई. इस्पितळात. नर्स विचारते, घरचं कोण? तो म्हणतो, कोणी नाही."

पद्मजा साखरेला आली होती. वाटी तशीच ठेवून गेली.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "नंदू, कितीदा पाहिलास?"

पान खाली आलं.

"दोनदा."

"शेवटपर्यंत बसलास?"

"हो."

"तरीच रुमाल हरवतायत."

मला हसू आलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं, आणि हसू तिथंच थांबलं.

सासूबाई म्हणाल्या, "मला नाही रे बसवत."

मी ही वही आणली. शेवटचं पान फाडून वर्तमानपत्रावर ठेवलं. ह्यांनी वाचलं. केव्हापासून लपवलंस, हे विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हे ऑफिसला गेले नाहीत. फाडलेलं पान खिशात घालून अंधेरीला गेले. सासूबाईंनी मुगाची डाळ धुतली. चौघांची.