स्वतःचं मूल नसलेला माणूस

धुळे, रविवार संध्याकाळ

अजून डोकं सुन्न आहे. लिहून टाकलं नाही तर झोप लागायची नाही.

सकाळी बसस्टँडजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एका मानवतावादी विचारवंताचं चरित्र आणलं. यावलकडच्या जंगलात त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला होता. ‘स्वतःचं मूल नसलेल्या या माणसाने शेकडो मुलांना पोटाशी धरलं.’ हे वाक्य इतकं आवडलं, की ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आमच्या घरमालकीण अक्कांना मोठ्याने वाचून दाखवलं.

अक्कांचे हात थांबले. पुस्तक घेऊन त्यांनी मुखपृष्ठावरचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

“हाऊ मना बाप शे.”

मला वाटलं, आश्रमात वाढल्या असतील, म्हणून मानाने ‘हा माझा बाप’ म्हणताहेत. तसं विचारलंही.

“नाही गं. जन्म दिलेला बाप. आई गेल्यावर मला तिथेच ठेवलं. म्हणाले, बाकीच्यांना बाप नाही, तर तूही मला सगळ्यांसारखं भाऊच म्हण. मग तेच म्हणत गेले.”

स्वतःचं मूल नसलेला माणूस! लिहिणाऱ्याने विचारलंच नाही का? की विचारलं, आणि त्यांनीच तसं सांगितलं? यातलं जास्त वाईट कोणतं, तेही कळत नाही.

पुस्तक माझ्या हातात परत देत अक्काच म्हणाल्या, “शेवटच्या दिवसाचं काय लिहिलंय?”

मी पान काढलं. वाचू नये असं वाटत होतं, तरी वाचलं. ‘जवळ फक्त एक सेविका पाय चेपत बसली होती.’

“हां,” अक्का म्हणाल्या, “ती मीच.”