बारा चाळीसची सावली

३ मार्च
पोचलो एकदाचे! मी, माझी आठ वर्षांची लेक भिंगरी आणि अकरा खोकी. हवामान केंद्राच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात आणि डोक्यावरची गच्ची म्हणजे माझं ऑफिस. जिना चढला की कामावर हजर. शाळा पाच मिनिटांवर. भिंगरीचे बाबा जहाजावरून महिनाअखेरीला उतरतील, तोवर घरात आम्हा दोघींचं राज्य.

उपग्रह वरून ढग आणि ओझोन बघतो आणि जमिनीवर आज किती अतिनील किरण पोचले असतील याचा अंदाज बांधतो. खरोखर किती पोचले ते मी गच्चीवरच्या मीटरने मोजायचं आणि त्याच्या चुका काढायच्या. चुका काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर नवरा म्हणाला होता, घरी फुकट सराव झालाच आहे.

५ मार्च
मीटरवरची काचेची घुमटी पुसली, पाणसळ लावून तिवई सरळ केली. तरीही रोज १२.४० ला आकडा निम्म्यावर येतो. सात मिनिटं. मग पुन्हा पहिल्यासारखा. उपग्रह म्हणतो आकाश स्वच्छ, आणि मी मान मोडेस्तोवर वर बघितलं, स्वच्छच आहे. माझ्याआधीच्या निरीक्षकांच्या नोंदवहीत त्या वेळेपुढे चार वर्षं एकच शब्द आहे: ढग. काय शिस्तीचा ढग म्हणायचा! माणूस कामचुकार होता, दुसरं काय.

मुख्य कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, टाकीची नाहीतर खांबाची सावली पडत असेल, मीटर हलवून बघा, आणि अहवाल वेळेत द्या. वॉचमनकाका मात्र नको म्हणाले. आधीचे साहेब मीटरला बोट लावू द्यायचे नाहीत, म्हणे.

६ मार्च
मीटर समोरच्या कठड्याजवळ नेला. जुन्या जागी कपाटातला जादा मीटर ठेवला. दोन्हीकडे आकडा पूर्ण! सावलीच होती तर. उगाच दोन दिवस डोकं शिणवलं.

१० मार्च
घट परत आली. नव्या जागी, आणि नऊ मिनिटं. जुन्या जागेवरचा जादा मीटर मात्र ठणठणीत. म्हणजे दोष जागेचा नाही. ते मीटरच्या मागे गेलं.

‘ते’ काय लिहिते आहे मी? पण मी शेजारीच उभी होते. वर काही नव्हतं. घामाने पाठ भिजली होती, आणि घुमटीला हात लावला तर काच बर्फासारखी गार.

वेगळ्या उपकरणाने, वेगळ्या ठिकाणी मोजायला हवं. खोक्यात कपड्याला लावायचे छोटे बिल्ले आहेत, मिनिटामिनिटाला किरण नोंदवणारे. मधल्या सुट्टीत भिंगरी मैदानावरच असते. उद्या तिच्या फ्रॉकला एक लावते. आत्ताच आरशासमोर मिरवून झालं तिचं.

११ मार्च
गच्चीवर आज घट नाही. खुशीत दोनदा चहा केला.

संध्याकाळी बिल्ला उतरवला. १२.४० ते १२.५२. आकडा निम्म्याच्याही खाली.

सहज विचारल्यासारखं विचारलं. भिंगरी म्हणाली, माझ्यावर कुणीतरी छत्री धरली होती. कुणी गं? तर म्हणाली, वर बघितलं की दिसत नाही.

१२ मार्च
एका आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे मीच दहा जणांना शिकवलंय. म्हणून आज पुन्हा लावला. माझ्याच हाताने लावला, पिन नीट बसली की नाही तेही बघितलं.

शाळेतून बाईंचा फोन आला, लगेच या. भर उन्हात भिंगरी कुडकुडत होती. ओठ निळे. बाकीची मुलं तिच्यापासून लांब उभी होती, तिच्याजवळ गार लागतं म्हणून.

वीस मिनिटं.

रात्री ती झोपेत म्हणाली की छत्री आता खाली आली आहे.

१३ मार्च
बिल्ला काढला, डब्यात बंद केला. शाळा बंद. पडदे बंद. वॉचमनकाकांना खोदून विचारलं. आधीचे साहेब म्हणायचे, ते मीटरवर बसलंय तोवर बसू द्या, उठवू नका. मला आधी का नाही सांगितलं, म्हणून ओरडले. ते म्हणाले, नको म्हटलं होतं की बाई.

साहेब म्हणतात, झोप काढा, मग बोलू.

चार वर्षं तो माणूस रोज ‘ढग’ लिहीत राहिला. आणि मी त्याला कामचुकार म्हटलं.

दुपारी भिंगरी चादरीत. बंद खोलीतही हात गार. माझ्याच मुलीला मी— आणि कशासाठी, तर एका जादा आकड्यासाठी.

१४ मार्च, १२.२०
ते मोजणाऱ्या वस्तूच्या मागे जातं. मग सगळं मोजणारं आज माझ्या अंगावर. बारा बिल्ले. मीटर मांडीवर. गच्चीच्या मधोमध बसले आहे. भिंगरीला खाली काकांजवळ ठेवलंय. वही हातात आहे, मिनिटामिनिटाला लिहिणार आहे.

येऊ दे. माझ्यावर येऊ दे.

१२.३८
अजून ऊन.

१२.४०
आता—

१२.४१
आकडा हलत नाही. ऊन तसंच. चटके बसतायत. ये ना. ये—

१२.४३
उपग्रहाचा अंदाज बाजूला लिहून आणला होता. माझा आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळतोय. दशांशापर्यंत. माझ्या डोक्यावर काहीच नाही.

म्हणजे ते इथे आलंच नाही—

खालून काका हाका मारतायत. नुसते काका. भिंगरीचा आवाज का नाही ये—